मेनचा गार, कनेक्टिकटचा गरम: लॉबस्टर रोल कुठला खायचा आणि शेवंडीचा घरी कसा करायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे की जूनमध्ये बॉस्टनला लेकीकडे जाताय, लॉबस्टर रोलबद्दल, म्हणजे लांब बनमध्ये भरलेल्या लॉबस्टरच्या मांसाबद्दल, बरंच ऐकलंय, कुणी म्हणतं मेयोवाला खा, कुणी म्हणतं बटरवाला खा, तर त्यातला खरा कुठला, आणि परत रत्नागिरीला आल्यावर शेवंडीचा, म्हणजे आपल्या कोकणातल्या लॉबस्टरचा, करता येईल का. मी न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे मेन, मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट ही राज्यं असलेल्या अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात, सीफूडच्या किचनमध्ये बरीच वर्षं काम करतोय, दोन्ही प्रकार रोज हाताखालून जातात, म्हणून जरा सविस्तरच लिहितो.

आधी एक सांगतो, मेयो की बटर हा वाद गिऱ्हाइकांचा. किचनमध्ये आम्ही गार की गरम एवढंच विचारतो, कारण बाकी सगळं त्यावर ठरतं. लॉबस्टर किती मिनिटं उकडायचा, मांस केवढं कापायचं, कुठला लॉबस्टर घ्यायचा, बन किती कडक भाजायचा, सगळं. आणि खरे दोन्ही आहेत. मेनवाले म्हणतात आमचाच खरा, कनेक्टिकटवाले म्हणतात पहिला आम्ही केला, आणि तारखांच्या हिशेबाने बघितलं तर कनेक्टिकटवाल्यांची बाजू थोडी जड आहे, कारण लॉबस्टर रोलचा पहिला उल्लेख म्हणून जे सांगितलं जातं ते मिलफर्ड गावातलं पेरीज नावाचं रेस्टॉरंट, १९२० च्या दशकातलं, आणि तिथला रोल गरम होता, बटरमधला.

पण त्याआधी बन. लोक लॉबस्टरबद्दल तासभर बोलतील आणि बनबद्दल एक शब्द नाही, आणि माझ्या मते अर्धा रोल बनच आहे. साधा हॉटडॉगचा बन बाजूने कापलेला असतो आणि त्याला सगळीकडून तपकिरी साल असते. न्यू इंग्लंडचा बन वरून कापलेला, आणि तो ट्रेमध्ये एकमेकांना चिकटून भाजतात, मग सुटा केला की दोन्ही बाजू पांढऱ्या, सपाट, साल नसलेल्या निघतात. त्या पांढऱ्या बाजूंना बटर लावून ग्रिडलवर, म्हणजे मोठ्या सपाट तव्यावर, दाबून भाजायचं, बाहेरून कुरकुरीत आणि आतून मऊ, आणि तळ सपाट असल्यामुळे बन प्लेटमध्ये उभा राहतो, लवंडत नाही. हा बन मुळात लॉबस्टरसाठी नव्हताच असं सांगतात. हॉवर्ड जॉन्सन नावाची रेस्टॉरंटची मोठी चेन होती, त्यांना तळलेल्या क्लॅम स्ट्रिप्स, म्हणजे शिंपल्यातल्या मांसाच्या पट्ट्या, भरायला उभा राहणारा बन हवा होता आणि मेनमधल्या पोर्टलंडच्या जे. जे. निसेन बेकरीने तो १९४० च्या दशकात करून दिला. लॉबस्टर त्यात नंतर जाऊन बसला आणि आता तोच मालक झालाय. ब्रिओशचा, म्हणजे अंडी-बटर घातलेल्या फ्रेंच पावाचा, बन देणारी बरीच ठिकाणं आहेत, वाईट लागत नाही पण तो स्वतःच गोड आणि तुपकट असतो, लॉबस्टरचा गोडवा त्यात हरवतो असं माझं मत.

आता मेनचा. गार उकडलेलं मांस, जेमतेम कोट होईल एवढंच मेयो, मीठ, कधी लिंबाचे दोन थेंब, बस. बन मात्र गरम हवा. गार मांस आणि गरम बन हा जो फरक तोंडात लागतो तीच त्याची मजा आहे, बन गार झाला की खेळ संपला, म्हणून फोटो नंतर काढा. यात नव्या मुलांना शिकवायला सगळ्यात जास्त वेळ कशाला लागतो तर पाणी काढायला. उकडलेल्या मांसात पाणी असतं, विशेषतः नांग्यांमध्ये, ते न काढता मेयो घातलं की पाच मिनिटांत खाली पांढरं पाणी सुटतं आणि बनचा तळ ओला होऊन फाटतो. म्हणून मांस चाळणीत निथळायचं, मग कागदी टॉवेलवर पसरून वरून दुसरा टॉवेल हलका दाबायचा, मग फ्रीजमध्ये, आणि मेयो अगदी भरायच्या आधी. एका रोलला साधारण चार औंस मांस, म्हणजे ११३ ग्रॅमच्या आसपास, आणि त्याला एक मोठा चमचा मेयोसुद्धा कधी जास्त होतं. मेयो डोळ्यांना दिसलं म्हणजे जास्त झालं समजा.

विस्कॅसेटला रूट वन वर रेड्स ईट्स म्हणून एक छोटीशी लाल शॅक आहे, उन्हाळ्यात तिची लाईन पुलापर्यंत जाते, तिथे तर मेयो मिसळतच नाहीत, एका लॉबस्टरपेक्षा जास्त मांस बनवर रचून देतात आणि मेयो किंवा बटर बाजूला. बघायला भारी असतं, बन शोधावा लागतो. मला विचाराल तर एवढं मांस रचल्यावर तो रोल राहत नाही, काट्याने खायची डिश होते, पण लोक तासभर उभे राहतात म्हणजे त्यांचं काहीतरी बरोबर असणारच.

कनेक्टिकटचा म्हणजे गरम. मांस वितळलेल्या बटरमध्ये गरम करून बनमध्ये, वरून तेच बटर, लिंबाची फोड, संपलं. ऐकायला सोपं, करायला मेनपेक्षा अवघड, कारण लॉबस्टर दोनदा शिजतो. पहिल्यांदा पूर्ण उकडून घेतलात आणि मग बटरमध्ये पुन्हा गरम केलात की रबर. म्हणून गरम रोलसाठी लॉबस्टर आधीच थोडा कच्चा काढायचा. सव्वा पौंडाचा कडक कवचाचा लॉबस्टर गार रोलसाठी मी उकळत्या खारट पाण्यात आठ-नऊ मिनिटं ठेवतो, गरम रोलसाठी सातच्या आसपास काढून सरळ बर्फाच्या पाण्यात, उरलेलं शिजणं बटरमध्ये होतं. बटर उकळायचं नाही, बुडबुडे आले म्हणजे आच जास्त आहे, बोट एक क्षण बुडवता येईल पण दुसरा क्षण नको वाटेल एवढंच गरम, आणि मांस त्यात मिनिट-दोन मिनिटं. आपल्याकडचे लोक विचारतात की मग साजूक तूपच वापरलं तर? नका वापरू. तूप कढवलेलं असतं, त्याचा वास लॉबस्टरच्या वर बसतो. साधं बटर मंद आचेवर चमचाभर पाणी घालून ढवळत वितळवलं तर ते फुटत नाही, दुधाळ राहतं आणि मांसाला चिकटून राहतं.

बनचा नियमही इथे ढिला पडतो. नोअँकला अ‍ॅबट्स म्हणून पाण्याच्या काठावर जुनी जागा आहे, ते चक्क गोल हॅम्बर्गर बनमध्ये देतात, आणि क्लिंटनला लॉबस्टर लँडिंगवर लांब सब रोलमध्ये. याला कारण आहे, बटर पातळ असतं, ते झेलायला बन थोडा जाड आणि खाली बंद असलेला बरा पडतो. एक मात्र लक्षात ठेवा, कनेक्टिकटमध्ये नुसतं लॉबस्टर रोल म्हटलं की गरम येतो, गार हवा असेल तर मेनूवर लॉबस्टर सॅलड रोल शोधा, आणि मेनमध्ये नेमकं उलटं, काही न बोलता ऑर्डर दिली की गार.

यात थोडी वाईट वाटण्यासारखी गोष्ट अशी की कनेक्टिकटच्या रोलमधला लॉबस्टर आता बहुतेक कनेक्टिकटचा नसतो. लाँग आयलंड साउंड ही त्यांची खाडी, तिथे १९९९ मध्ये लॉबस्टर मोठ्या प्रमाणावर मेले, पाणी गरम झालं होतं, त्यात रोग, आणि तो धंदा पुन्हा कधी उभाच राहिला नाही. मांस येतं मेनहून आणि कॅनडाहून. मेनला उलट पकड वाढत गेली, २०१६ मध्ये तर १३ कोटी पौंडांच्या वर पकड झाली, त्यानंतर ती उतरत चाललीये. पाणी तिथेही तापतंयच.

आता जो मुद्दा कुठल्याच ट्रॅव्हल व्हिडिओत सांगत नाहीत तो. लॉबस्टर कात टाकतो. मेनच्या पाण्यात साधारण जूनच्या शेवटापासून पुढे उन्हाळाभर नव्या कवचाचे लॉबस्टर यायला लागतात, त्यांना तिथे शेडर म्हणतात. कवच इतकं मऊ की हाताने मोडतं, आणि आत मांस कवचापेक्षा लहान, मधल्या जागेत समुद्राचं पाणी भरलेलं. मांस कमी निघतं, एकाच वजनाच्या कडक कवचाच्या लॉबस्टरपेक्षा बरंच कमी, पण गोड आणि मऊ असतं. कडक कवचाच्या लॉबस्टरचं मांस घट्ट, भरलेलं, चावायला जरा जास्त. माझं सरळ मत असं की शेडर गार खायचा आणि कडक कवचाचा गरम. शेडरचं मऊ मांस बटरमध्ये पुन्हा तापवलं की आक्रसतं, पाणी सोडतं आणि बटर पातळ करतं. कडक मांस गरम बटरमध्ये छान उभं राहतं. तुम्ही जूनच्या सुरुवातीला पोचणार असाल तर बाजारात अजून कडक कवचाचाच माल जास्त असतो, तेव्हा आधी गरम खा, आणि ऑगस्टपर्यंत राहणार असाल तर एक वीकएंड काढून मेनला जाऊन गार खा. शेडर यायला लागले की भावही जरा उतरतो.

रोलमध्ये कुठला भाग जातो हेही विचारलं पाहिजे. बऱ्याच ठिकाणी फक्त नांग्या आणि त्यांच्या खालचे सांधे वापरतात, शेपटी वेगळी विकली जाते कारण तिला जास्त पैसे मिळतात. यात फसवणूक काही नाही. सांध्यांचं मांस, ज्याला किचनमध्ये नकल म्हणतात, ते सगळ्यात चवदार आहे, फक्त काढायला वैताग. कात्रीचं एक पातं सांध्यात घालून लांबीत कापत जायचं आणि करंगळीने मांस ढकलायचं. नांगी सोडवताना छोटा वरचा चिमटा आधी मागे, मग हळूच बाजूला वाकवायचा, म्हणजे आतलं पातळ पारदर्शक पान त्याच्याबरोबर निघून येतं, ते मांसात राहिलं आणि गिऱ्हाइकाच्या दाताखाली आलं की प्लेट परत. मग सुरीच्या पाठीने नांगीच्या फुगीर बाजूला एक ठोका, सुरी अर्धवट वळवायची, कवचाचे दोन तुकडे आणि मांस अख्खं बाहेर. शेपटी घेतली तर मधली काळी शीर काढून अर्ध्या इंचाचे तुकडे, त्यापेक्षा मोठे नकोत, नाहीतर एक चावा घेतला की अख्खी शेपटी बनमधून ओढली जाते आणि पुढचे सगळे घास नुसता पाव.

आणि हो, डोक्यातला हिरवट भाग रोलमध्ये घालत नाहीत. चिंबोरी खाणाऱ्या माणसाला तो टाकवत नाही हे मला माहितीये, पण तो लॉबस्टरचा यकृताचा भाग, त्यात पाण्यातलं काय काय साठतं, मेनचं आरोग्य खातंच सांगतं की खाऊ नका.

मॅसॅच्युसेट्समध्ये, म्हणजे तुम्ही उतरणार तिथे, मधला मामला. गार रोलमध्ये बारीक चिरलेली सेलरी, खाली आइसबर्ग लेट्यूसचं पान, मेयो मेनपेक्षा सढळ. सेलरीला मेनमध्ये नाकं मुरडतात. मला बारीक चिरलेली, अगदी थोडी चालते, कुरकुरीतपणा येतो, पण चमच्यात दोन-तीन तुकडे दिसायला लागले की समजा लॉबस्टर वाचवताहेत. खुद्द बॉस्टनमध्ये बहुतेक ठिकाणी दोन्ही प्रकार मिळतात, नॉर्थ एंडला नेपच्यून ऑयस्टरमध्ये गरम किंवा गार विचारूनच देतात, ब्रिओशमध्ये, आणि त्यांची लाईनही प्रसिद्ध आहे, दुपारी तीनला जा. र्‍होड आयलंडबद्दल वेगळं लिहिण्यासारखं फारसं नाही, तिथे ज्याला जे आवडेल ते. कॅनडात न्यू ब्रन्सविक आणि नोव्हा स्कोशियाला गारच, मेयो, सेलरी, कधी कांद्याची पात. तिकडचा सीझन वेगळा, नैऋत्य नोव्हा स्कोशियात नोव्हेंबरच्या शेवटी सुरू होऊन मेअखेर बंद होतो, त्यामुळे हिवाळ्यात बॉस्टनमध्ये जो कडक कवचाचा चांगला माल दिसतो तो बराचसा तिकडचा. आणि पोर्टलंडला इव्हेंटाइड म्हणून जागा आहे, त्यांनी सगळेच नियम मोडले, वाफवलेल्या चिनी पद्धतीच्या बनमध्ये ब्राउन बटर घालून देतात, छोटासा असतो, मेनमध्ये राहून असं करायला हिंमत लागते आणि चवीला अप्रतिम आहे. ओल्ड बे मसाला शिंपडून कुणी दिला तर खा, पण तो बाल्टिमोरच्या खेकड्यांचा मसाला, इकडचा नाही.

पैशांचं आधीच सांगून ठेवतो म्हणजे लेकीसमोर धक्का बसायला नको. मेनूवर बऱ्याचदा भावच नसतो, मार्केट प्राइस लिहिलेलं असतं, विचारून घ्या, लाजू नका. २०२१ पासून तीस डॉलरच्या वरचा रोल अगदी कॉमन झालाय. शहरातल्या बऱ्याच रोलमध्ये फ्रोझन मांस असतं, शिजवून, काढून, पिशवीत बंद करून आलेलं, बरंचसं न्यू ब्रन्सविकच्या कारखान्यांतून. चांगलं फ्रोझन मांस मला अजिबात वर्ज्य नाही, पण वाईट ओळखायचं कसं तर तुकडा दोन बोटांत दाबा, दोऱ्यासारखा सुटला आणि पाणी निघालं तर तो पुन्हा पुन्हा वितळवलेला माल. मेनला गेलात आणि दोन रोलचे साठ डॉलर द्यायला जीव झाला नाही तर क्रॅब रोल घ्या, त्याच बनमध्ये, तिथल्याच खेकड्याचा, बराच स्वस्त, आणि आपल्या कोकणी जिभेला कदाचित तोच जास्त आवडेल. बॉस्टनहून नोअँक दीड-दोन तास, विस्कॅसेट अडीच-तीन तास, वीकएंडच्या ट्रॅफिकचे वेगळे.

आता शेवंड. करता येईल, पण मेनचा नाही, कनेक्टिकटचा. शेवंडीला नांग्याच नसतात, म्हणजे रोलचा सगळ्यात मऊ भाग आपल्याकडे नाहीच, आपल्याला मिळते ती शेपटी, आणि शेवंडीची शेपटी अमेरिकन लॉबस्टरपेक्षा घट्ट. घट्ट मांस गार करून मेयोत घातलं की आणखी घट्ट लागतं. गरम बटरमध्ये ते सैल पडतं. २५०-३०० ग्रॅमची शेवंड असेल तर अख्खी वाफवा, सहा-सात मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात, शेपटी सोलून शीर काढून आडव्या चकत्या, जाड नको, मग मघाशी सांगितलं तसं बटरमध्ये मिनिटभर. अमूल बटर खारट असतं, वेगळं मीठ घालू नका. लिंबू चालेल. हळद-तिखट घालायला हात शिवशिवेल, पण एकदा तरी तसंच खाऊन बघा, दुसऱ्या दिवशी हवं तर तिखलं करा. घेताना शेवंड हलती मिळाली तर उत्तम, नाहीतर वास घ्या, अमोनियासारखा झिणझिणीत वास आला तर फुकट दिली तरी नको. आणि पोटाखाली अंडी लागलेली असेल तर घेऊ नका प्लीज. मेनमध्ये अशी मादी सापडली की शेपटीच्या पंख्याला त्रिकोणी खाच पाडून परत पाण्यात सोडतात, आणि ती खाच दिसली की पुढे अंडी नसली तरी तिला कुणी ठेवून घेऊ शकत नाही.

बनसाठी काही मागवू नका, लादी पाव आणा. लादी पाव पण चिकटून भाजलेला असतो, सुटा केला की बाजू पांढऱ्या आणि मऊ, म्हणजे न्यू इंग्लंडच्या बनला जे हवं ते फुकटात. दोन पाव जोडलेलेच ठेवा, वेगळे करू नका, म्हणजे लांबट आकार मिळतो, वरून मधोमध लांबीत चीर द्या, खालपर्यंत जाऊ देऊ नका, आणि लांबीच्या दोन्ही पांढऱ्या बाजूंना बटर लावून तव्यावर उलथन्याने दाबून भाजा. आदल्या दिवशीचा पाव ताज्यापेक्षा बरा, ताजा बटर पिऊन लगदा होतो.

आणि पावसाळ्यात बोटी बंद असताना शेवंडीच्या मागे लागूच नका, खाडीतली चिंबोरी बघा. नांग्या आहेत, मांस गोड आहे, आणि ती गार मेयोमध्येही चांगली लागते, म्हणजे मेन स्टाईल करायची हौस चिंबोरीवर भागवता येईल. पाणी नीट निथळा, कवचाचे बारीक तुकडे बोटांनी चाचपून काढा, चार माणसांचं करायचं असेल तर मांस काढायला सकाळीच बसा आणि पाव जेवायच्या वेळीच भाजा.